कोरड्या नदीचा मोसम

नाशकात थंडी पडली की माझं डोकं तापतं. सगळं शहर कानटोप्या घालून ‘काय मस्त हवा पडलीय’ म्हणत फिरायला निघतं, आणि मी खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या पांढऱ्या गाड्यांकडे बघत चरफडत असते. या गाड्या लगेच ओळखता येतात. दारावर कुठल्यातरी संस्थेचं गोल चिन्ह, काचा बंद, मागे पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणि मांडीवर फायली घेतलेली दोन-तीन उत्साही माणसं. सकाळी गाड्या पेठ रस्त्याला लागतात आणि संध्याकाळी परत येतात. चाकांना चिखलाचा ठिपकासुद्धा नसतो.

माझ्या आईचं माहेर सायखेड्याचं. तिथून पुढे नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीत थंडीत परदेशी बदकं उतरतात. आई म्हणायची, ‘तुझे साहेब आणि ही बदकं एकाच विमानानं येतात की काय गं?’ वेळापत्रक खरोखर एकच होतं. दिवाळी झाली की यायचं, होळीच्या आत निघायचं. बदकांबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण ती जाताना कोणाच्या गावाबद्दल अहवाल लिहून ठेवत नाहीत.

तसले अहवाल लिहिण्यातच माझा जन्म गेला. मी अर्थतज्ज्ञ होते, गरीब देशांच्या विकासाचा अभ्यास करणारी. हे काम म्हणजे नेमकं काय, हे मला आमच्या कॉलनीत कधीच कोणाला समजावून सांगता आलं नाही. आमची बौद्ध कुटुंबांची कॉलनी. कोणी कारकून, कोणी मास्तर, बरेचसे कारखान्यांत. आबा सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. शेजारच्या बाया आईला विचारायच्या, ‘तुमची पोरगी शिकून करते काय?’ आई शांतपणे सांगायची, ‘ती गरिबी मोजते.’ पुढे मी परदेशातून सुट्टीवर आले की दारातच तिचा प्रश्न असायचा, ‘झाली का मोजून?’ ती चेष्टा करायची की मनापासून विचारायची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मोजणीची सुरुवात पेठ तालुक्यात झाली. सत्तरच्या दशकाचा शेवट होता, मी एम.ए. होऊन नुकतीच एका संशोधन संस्थेत लागले होते. परदेशी मदतीतून डोंगराळ भागात रस्ते आणि साकव बांधायचे ठरले होते. साकव म्हणजे ओढ्यानदीवरचा माणसं चालण्यापुरता पूल. कुठल्या गावांना द्यायचा, हे आमच्या पाहणीवरून ठरणार होतं. जिथून दवाखाना, शाळा, बाजार गाठायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्या गावाचं नाव यादीत वर. किती सोपं आणि न्याय्य, असं मला वाटलं होतं. मला तेव्हा पुष्कळच गोष्टी सोप्या वाटायच्या.

त्या पौषातला पेठ आठवला की आजही आधी वास येतो, मग राग. मळणी झालेल्या नागलीचा वास, भाताच्या पेंढ्याचा, चुलीवर भाजलेल्या उडदाचा. अंगणं शेणानं सारवलेली, कणग्या भरलेल्या, कोंबड्या गुबगुबीत. माणसं उन्हाला पाठ देऊन बसलेली. कामं उरकली होती, पोटं भरलेली होती, लग्नं ठरत होती. ज्या घरात जावं तिथं भाकरी पुढे यायची. आमच्याबरोबर मिशनचे, म्हणजे मदत देणाऱ्यांनी पाठवलेल्या पाहणी-पथकाचे, प्रमुख होते, उंच, गोरे, अतिशय सभ्य गृहस्थ. आम्ही त्यांना प्रमुखसाहेबच म्हणायचो. ते नाशिकच्या द्राक्षांवर खूश, इथल्या हवेवर खूश, पेठच्या लोकांवर तर फारच खूश. ‘इतकी समाधानी माणसं!’ असं ते दिवसातून चारदा म्हणायचे. मी मान डोलवायचे. ही माणसं वर्षातले सगळेच महिने अशी उन्हात बसलेली असतात का, असा प्रश्न मला पडला नाही. अर्थशास्त्रात पहिला वर्ग मिळाला होता ना मला!

एका सकाळी ग्रामसेवकानं आम्हाला ‘पल्याडच्या पाड्या’वर नेलं. नदीच्या पलीकडे होता म्हणून पल्याडचा पाडा, लोकांनीच पाडलेलं नाव. जीप उतारावरून खाली गेली, गोट्यांवरून खडखडत थोडी चालली आणि पलीकडच्या चढावर आली. मध्ये कुठेतरी टायर जेमतेम ओले झाले. पाड्यावर उतरल्यावर प्रमुखसाहेबांनी मला विचारलं, ‘नदी कुठे आहे?’ मी म्हटलं, ‘आत्ता ओलांडली ती.’ ते हसले, परत खाली गेले आणि कोरड्या गोट्यांत उभं राहून त्यांनी स्वतःचा फोटो काढून घेतला.

तिथं मला जनीमावशी भेटली. पाड्याची सुईण. चाळिशीची असेल, हाडापेरानं मजबूत, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिकडे अहोजाहोची रीत नाही, साहेब असो की देव, सगळ्यांना तू. ती पाड्यावरच्यांशी कोकणी, म्हणजे तिथल्या आदिवासींची बोली, बोलायची आणि माझ्यासाठी जरा मराठी करून घ्यायची. मी तिच्या ओट्यावर बसून फॉर्म उघडला. हा फॉर्म एखाद्या पोथीएवढा जाड होता, आणि त्याचे नियम पोथीपेक्षा कडक. पहिला नियम, विचारायचं ते कालचं. माणसं जुनं विसरतात, तेव्हा जुन्यावर भरवसा ठेवायचा नाही. दुसरा नियम, उत्तर चौकटीतच लिहायचं. समासात लिहिलेलं संगणकाला वाचता येत नाही.

‘मावशी, दवाखान्यात जायला किती वेळ लागतो?’

‘कंदीचं सांगू? आताचं का भादव्यातलं?’

‘आताचं. समजा काल गेला असतात तर?’

‘काल काय, वाटंत पानीच नाय. अर्धा तास धर.’ मी लिहिलं. ती थांबली नाही. ‘पन बाई, भादव्यातलं इच्यार ना. गेल्या भादव्यात लक्षीचं पोर आडवं आलं. झोळी बांधली, नदीपर्यंत नेली. पानी ह्ये एवढं. दोन दिस नदीवर बसलो तिला धरून.’

‘मग?’

‘उतरलं पानी तिसऱ्या दिशी. तवा नेऊन काय करायचं व्हतं?’

मी फॉर्मकडे पाहिलं. चौकट एकच होती आणि ती भरून झाली होती. पुढचा प्रश्न होता, घरात कोंबड्या किती. तो मी विचारला. आज हे लिहिताना हात थांबतो, पण त्या दिवशी जराही थांबला नाही. जनीमावशीनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, ‘सात.’

निघताना तिनं एवढंच विचारलं, ‘साकव करनार ना तुमी?’ मी म्हटलं, ‘सगळं लिहून घेतलंय मावशी.’ तिला ते पुरेसं वाटलं. बाई शिकलेली आहे, लिहून घेतलंय म्हणते, म्हणजे लिहून घेतलंच असणार!

घरी आल्यावर मी आबांना मोठ्या रुबाबात सगळं सांगितलं. ते पहिली पाळी करून आले होते, ओट्यावर बसून नखांतलं ग्रीस काढत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पावसात गेला होतात का तुम्ही कोणी?’

‘पावसात जीप जात नाही, आबा.’

‘अगं, मशीन बंद असताना तपासून काय कळणार? बंद असलं की सगळंच मशीन बरं दिसतं. लोडवर चालवायचं, मग कान लावायचा. आमच्याकडं नवीन आलेल्या पोराला पण हे पहिल्या दिवशी शिकवतात.’

मला राग आला. सातपूरच्या कारखान्यात पाना फिरवणाऱ्यानं मला पाहणीशास्त्र शिकवावं! मी काहीतरी इंग्रजी शब्द फेकले आणि आत गेले. आबांनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांचा स्वभावच तसा होता, एकदा सांगायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

यादी निघाली तेव्हा पल्याडच्या पाड्याचं नाव त्यात नव्हतं. दवाखाना अर्ध्या तासावर असलेल्या गावाला साकव कशाला? त्याच पाहणीवर पुढे माझा पहिला लेख बेतला, त्यावर परदेशातली शिष्यवृत्ती मिळाली, आणि तिच्यावर नोकरी. आता तरुण मुलं मुलाखत घ्यायला येतात आणि विचारतात, ‘मॅडम, तुमच्या करिअरचा पाया कशात आहे?’ मी त्यांना काहीबाही सांगते. जनीमावशीच्या ओट्यावर, असं खरं उत्तर द्यायला हवं, पण ती मुलं टेप लावून बसलेली असतात.

मग देशोदेशी फिरले. आफ्रिकेत गेले, आग्नेय आशियात गेले, आणि जिथं गेले तिथं आकाश निळंभोर. सुरुवातीला वाटायचं, माझं नशीब चांगलं. मग लक्षात आलं की तिकिटं काढणारे लोक पंचांग बघूनच तिकिटं काढतात. रस्ते वाळले की मिशन निघायचं, तेही डांबरी सडकेपासून चालत जाता येईल एवढंच. जगातले इतके गरीब देश मी पाहिले, आणि सगळे सुगीनंतरच पाहिले. कोणाच्या घरात धान्य संपलेलं, अंगण वाहून गेलेलं, पोर तापानं फणफणलेलं आणि वाट बंद, असं घर माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला फार थोडं दिसलं. तरी मी त्या घरांबद्दल भाषणं दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय म्हणावं या सगळ्याला, सांगा!

आबांचं म्हणणं पटायला मला सात-आठ वर्षं लागली. कुठल्यातरी वाळलेल्या गावात उभी असताना एकदम ते आठवलं, आणि इतकी लाज वाटली की मी दुभाष्याला थांबायला सांगितलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्याच योजनेचा दुसरा टप्पा आला, प्रमुखसाहेब पुन्हा प्रमुख झाले आणि मी त्यांच्या हाताखाली दोन नंबरची. मी ठणकावून सांगितलं, या वेळी ऑगस्टमध्ये जायचं.

काय गहजब झाला! ऑगस्टमध्ये तिकडचे सगळे सुट्टीवर असतात. पावसात विम्याची अडचण. जिल्ह्यातले अधिकारी म्हणाले, ‘मॅडम, थंडीत या ना, तुम्हाला सगळं दाखवतो.’ एक जण म्हणाला, ‘पण तेव्हा गाडी जात नाही हो तिकडे.’ मी म्हटलं, ‘गाडी जात नाही, हेच तर बघायचंय.’ त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू बाईंची तब्येत बरी नसावी. शेवटी प्रमुखसाहेबच म्हणाले, जाऊ या. माणूस खरोखर सभ्य होता. तो वाईट असता तर माझं पुढचं आयुष्य सोपं गेलं असतं.

श्रावणातला पेठ मी तोवर पाहिलाच नव्हता. सावळघाटात धुकं इतकं की ड्रायव्हर मान बाहेर काढून गाडी हाकत होता. हिरवा रंग डोळ्यांना सोसवेना. कड्याकड्यावरून पाणी कोसळत होतं, आणि खाली भातखाचरांत बाया डोक्यावर पानांची इरली घेऊन ओणव्या झालेल्या. सुंदर होतं, नाही म्हणत नाही. पण बायांचे असे चेहरे मी थंडीत पाहिलेले नव्हतेच. गालफडं बसलेली, डोळे मोठे झालेले. रस्त्याकडेच्या एका घरात आम्ही पाणी मागितलं. घरधनीण पाणी देऊन नुसतीच दारात उभी राहिली, खायचं काही पुढे आलं नाही. ती ओशाळली होती, आणि आम्ही कशाला थांबलो असं मला झालं. जीप मैलभर आधीच रुतली. उरलेली वाट आम्ही चिखलातून, एकमेकांना धरत, घसरत चाललो. प्रमुखसाहेबांचा एक बूट चिखलात राहिला आणि ग्रामसेवकानं तो दोन्ही हातांनी उपसून काढला. आणि मी, सांगायला लाज वाटते, मनातून आनंदात होते. बघा म्हणावं आता!

नदीवर पोचलो. जिथं साहेबांनी फोटो काढला होता तिथं तांबूस पाणी झाडाच्या फांद्या घेऊन धावत होतं. आवाज एवढा की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागे. पलीकडे पाड्याची माणसं जमली होती, इरल्यांखाली, हात हलवत. प्रमुखसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुझं बरोबर होतं.’ ते वाक्य ऐकायलाच मी ऑगस्टसाठी एवढी भांडले होते. तिथूनच परत फिरलो असतो तर! एवढं बघून झालं होतं, आणखी काही लागत नव्हतं. पण त्यांनी छत्रीखाली फाइल उघडली आणि म्हणाले, ‘आता मुलाखती कशा घ्यायच्या?’

मी काही बोलायच्या आत पलीकडे हालचाल दिसली. दोन पुरुष ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब घेऊन काठावर आले. त्यांच्यामागे साडीचा काष्टा कसत जनीमावशी. मी किंचाळले, ‘येऊ नका! सांगा त्यांना, येऊ नका!’ पाण्याच्या आवाजात मलाच ते ऐकू आलं नाही. ग्रामसेवक थंडपणे म्हणाला, ‘येणारच ना मॅडम. मी आठ दिवसांपूर्वी निरोप धाडलाय. साहेब येणार, हजर राहा, नाही तर नाव कटेल.’

मीच त्याला कळवलं होतं, माणसं जमवून ठेवा म्हणून. दर वेळी कळवतो तसंच. थंडीतलं पत्र होतं ते, फक्त त्यावरची तारीख बदललेली.

ती ट्यूब पाण्यात गेली आणि पानासारखी खाली वाहत सुटली. दोघं पुरुष एका हातानं पाणी मारत होते, मध्ये जनीमावशीचं डोकं दिसत होतं, बुडत होतं, पुन्हा दिसत होतं. एक लाकडाचा ओंडका त्यांच्या अगदी जवळून गेला. मला आयुष्यात कधी देव आठवला नाही, आमच्या घरात ती सवयच नाही, पण त्या वेळी मी कोणाचीतरी विनवणी करत होते. बऱ्याच खाली, वळणावर ती तिघं काठाला लागली आणि चिखलातून चालत आमच्याकडे आली. मावशीचे केस पिकले होते. गुडघा फुटला होता. माझ्यासमोर उकिडवी बसून धापा टाकत ती म्हणाली, ‘इच्यार.’

प्रमुखसाहेबांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं होतं. ‘विलक्षण!’ ते म्हणाले. ‘तिला विचार, अशा पाण्यातही तुम्ही नदी ओलांडता का?’

मी विचारलं. ती म्हणाली, ‘ओलांडली ना आता. तू आलीस म्हनून.’

मी सगळं भाषांतर केलं, ‘तू आलीस म्हणून’ यासकट. त्यांनी लिहिलं. मी म्हटलं, ‘आपण आलो म्हणून तिनं जीव धोक्यात घातला. अडलेली बाई ट्यूबवर घालून आणता येत नाही.’ ते म्हणाले, ‘खरं आहे. पण ती आली, हेही खरं आहे. आपण जे पाहिलं ते लिहायला हवं.’ मी भांडले. त्या छत्रीखाली, सगळ्यांदेखत, मोठमोठ्यानं भांडले. मग ते म्हणाले, तुझं म्हणणं परिशिष्टात घालू.

पाणी वाढत होतं. मावशीला परत जायचं होतं, घरी एक पोटुशी दिवस भरलेली होती. ट्यूब उचलताना तिनं माझ्या दंडाला धरलं. तिचा हात बर्फासारखा गार होता.

‘आता डोळ्यानं बघितला ना तू पानी? आता तर करतील ना साकव?’

‘करतील,’ मी म्हटलं.

ती पलीकडे पोचेपर्यंत मी उभी होते. पोचली, तिनं हात वर केला, आणि ती इरल्यांच्या घोळक्यात मिसळली. त्यानंतर मी तिकडे गेले नाही. साकव झाला की नाही, कधी झाला, हे मला माहीत नाही. कोणाला विचारलं तर पाच मिनिटांत कळेल. ते विचारायची माझी हिंमत होत नाही.

अहवाल माझ्या कपाटात आहे. परिशिष्टात माझा परिच्छेद आहे, बारीक टाइपात, आणि तो कोणी वाचला असेल असं मला वाटत नाही. यादी बनवणारे मुख्य भाग वाचतात. त्या भागात पल्याडच्या पाड्याबद्दल एकच वाक्य आहे: ‘भर पावसाळ्यातही येथील रहिवासी, स्त्रियांसह, नदी पार करून येतात, असे पथकाने प्रत्यक्ष पाहिले.’ वाक्यात एकही शब्द खोटा नाही. त्या पानाखाली दोन सह्या आहेत, आणि दुसरी माझी आहे.